नापास न होता एक वर्ष



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या सरांना स्वतःच्या नावाचा गजर आवडत नसे. म्हणून मी त्यांना नुसतं 'सर' म्हणणार आहे. ते शरीररचनाशास्त्र शिकवायचे आणि मी त्यांचा विद्यार्थी. पुढे त्याच विषयात मी जवळजवळ तीन दशकं शिकवलं. आजच्या विषयाची सुरुवात मात्र विद्यार्थी म्हणून माझी जी फजिती झाली तिथून करतो.

मी १९७३ साली इंटर सायन्स करून एमबीबीएसला आलो. शाळा तालुक्याच्या गावची, मराठी माध्यमाची. पहिल्या टर्मच्या परीक्षेत ॲनाटॉमीत मला पन्नासपैकी अकरा गुण पडले. तोंडी परीक्षेत सरांनी ॲक्झिलाच्या सीमा विचारल्या. ॲक्झिला म्हणजे नेमकं काय हे मला त्या क्षणी आठवेना. मी गप्प. सर म्हणाले, "हात वर कर." मी केला. "आता दुसऱ्या हाताने काख दाखव." दाखवली. "हेच ते. पुढच्या आठवड्यात परत ये." पुढच्या आठवड्यात मी गेलो, त्याच्या पुढच्याही गेलो. पहिले सहा-सात महिने माझं निम्मं डोकं इंग्रजी वाक्याची फोड करण्यात जायचं आणि उरलेल्या निम्म्यात ब्रॅकियल प्लेक्सस, म्हणजे हाताच्या नसांचं जाळं, मावत नसे. दिवाळी गेली, उन्हाळा गेला, आणि कधीतरी दुसऱ्या पावसाळ्यात माझ्या लक्षात आलं की आपण आता वाक्य वाचत नाही, थेट हातच बघतोय. विद्यापीठाची परीक्षा मी पहिल्या फटक्यात पास झालो. गुण सांगण्यासारखे नव्हते, पण पास झालो.

ही बढाई नाही. त्या काळी पहिलं एमबीबीएस अठरा महिन्यांचं होतं. ते बारा महिन्यांचं असतं तर मी नापास झालो असतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आज इथे उभं राहून बोलतोय ते त्या सहा महिन्यांच्या जोरावर.

१९९७ साली भारतीय वैद्यक परिषदेच्या नव्या नियमावलीने ते सहा महिने काढून घेतले. पहिला टप्पा बारा महिन्यांचा, दुसरा अठरा, तिसरा चोवीस. एकूण साडेचार वर्षं आणि वर इंटर्नशिपचं एक वर्ष. हा निर्णय मूर्खपणाचा होता असं मी म्हणणार नाही. विद्यार्थी दीड वर्ष प्रेतांत आणि परीक्षानळ्यांत अडकून पडतो, रुग्णाचं तोंड उशिरा बघतो, ही तक्रार खरी होती. वॉर्डकडे वेळ जायला हवा होता. पण तो कुठून काढायचा हे ठरवताना, पहिल्या वर्षात येणारं पोर कोण आहे याचा विचार फारसा झालेला मला दिसला नाही. ॲनाटॉमीचे तास तर साधारण साडेसहाशेच राहिले. भांडं लहान केलं, डाळ तेवढीच ठेवली.

त्यानंतरची वर्षं मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिली आहेत. एकाच वर्गात मुंबई-पुण्याच्या क्लासमधून दोन वर्षं घासून आलेली मुलं असतात आणि आश्रमशाळेतून आलेलीही असतात. घरात डॉक्टर असलेला मुलगा 'फीमर', म्हणजे मांडीचं हाड, हा शब्द जेवणाच्या टेबलावर ऐकून आलेला असतो. त्यात प्रवेशाच्या फेऱ्या. पहिल्या फेरीतला विद्यार्थी वेळेवर हजर होतो. शेवटच्या फेरीतला येतो तेव्हा हाताची रचना संपवून वर्ग छातीच्या पिंजऱ्यात शिरलेला असतो. हॉस्टेलची खोली मिळेपर्यंत आणखी पंधरा दिवस. बोन सेट सीनियरकडून मिळेपर्यंत आणखी आठ. वर्षाच्या शेवटी प्रश्नपत्रिका सगळ्यांना एकच. ज्याला दहा महिने मिळाले त्यालाही तीच.

आपल्या व्यवस्थेत अशा विद्यार्थ्याला जास्त वेळ मिळतो. नक्की मिळतो. फक्त त्याची वाट एकच आहे, आणि ती म्हणजे नापास होणे.

हे वाक्य जरा कडू वाटेल, म्हणून नियमच सांगतो. २०२३च्या नियमावलीप्रमाणे पहिल्या वर्षाची परीक्षा चार वेळा देता येते, त्याहून जास्त नाही. आणि प्रवेशापासून नऊ वर्षांत अभ्यासक्रम संपला पाहिजे. म्हणजे साडेचार वर्षांच्या शिक्षणाला नऊ वर्षं लागली तरी चालतील हे शासनाने मान्यच केलं आहे. दुप्पट वेळ कायद्यात आहे. पण तो वेळ विद्यार्थ्याने आधी मागितला तर मिळत नाही. परीक्षेला बसायचं, आपटायचं, मग मिळतो.

माझ्या एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगतो. तिची ओळख पटेल असं काही सांगणार नाही. सातपुड्याच्या अंगाने आलेली मुलगी. घरची बोली वेगळी, शाळेत मराठी आणि इथे इंग्रजी, म्हणजे तिसऱ्या भाषेत शरीर शिकणारी. वर्गात ती मागच्या बाकावर, पण डिसेक्शनला सर्वांत पुढे. तिचा हात चांगला होता. नस सोडवताना ती घाई करायची नाही. मुख्य परीक्षेत ती दोन विषयांत गेली. पुरवणी परीक्षेत एक निघाला, फिजिऑलॉजी राहिलं ते चार गुणांनी. झालं, वर्गातले सगळे दुसऱ्या वर्षाला आणि ती खाली.

आता त्या वर्षात काय झालं ते ऐका, कारण माझा मुद्दा त्यात आहे. ॲनाटॉमी तिची निघाली होती, त्यामुळे डिसेक्शन हॉलमध्ये तिला काम नव्हतं. बायोकेमिस्ट्री निघाली होती. उरलं फिजिऑलॉजी. तिला ते वेगळ्या पद्धतीने, सावकाश, मराठीत समजावून कोणी शिकवावं अशी वेळापत्रकात कुठेही सोय नव्हती. ज्युनिअर मुलांच्या लेक्चरला जाऊन मागे बसायचं, हजेरी लावायची आणि खोलीवर यायचं. जी लेक्चरं पहिल्या वेळी कळली नव्हती तीच लेक्चरं, त्याच वेगाने, त्याच स्लाइडवर. दिलं काय, तर अख्खं वर्ष. आणि त्या वर्षात शिकवणं शून्य. तिला वर्ष नको होतं. तिला पहिल्याच वर्षात तीनऐवजी दोन विषय हवे होते आणि तिसरा पुढे. ते मात्र देता येत नव्हतं.

ती पुढे पास झाली, इंटर्नशिप झाली, आता सरकारी नोकरीत आहे. मध्यंतरी एका समारंभात भेटली. बॅचवार फोटो काढायचं चाललं होतं. ही बाजूला उभी. मी म्हटलं, "अगं, तू नाही?" ती हसून म्हणाली, "सर, कुठल्या बॅचमध्ये उभी राहू?" ज्यांच्यासोबत आली ते तिला आपलं मानत नाहीत आणि ज्यांच्यासोबत निघाली त्यांच्यात ती पाहुणी. आमच्या वेळी अशांना 'ऑड बॅच' म्हणत. शब्द इंग्रजी, पण तो कुठल्याही पुस्तकात छापलेला नाही, वैद्यकीय महाविद्यालयाच्या कट्ट्यावर जन्मलेला आहे. नव्या नियमांनी पुरवणी परीक्षेत पास झालेल्यांची वेगळी तुकडी करायची नाही, त्यांनी मूळ वर्गातच मिसळायचं, असं ठरवलं. ते योग्यच आहे. पण पुरवणीत राहिलेल्याचं ऑडपण त्याने संपत नाही.

आता जरा बाहेर बघू. अमेरिकेतल्या अनेक वैद्यकीय शाळांत एक तरतूद असते. तिथला अभ्यासक्रम चार वर्षांचा. विद्यार्थ्याला झेपत नसेल, आजारपण आलं, मूल झालं, घरात कोणी गेलं, तर तो डीनशी बोलून पहिल्या वर्षाचे विषय दोन वर्षांत वाटून घेऊ शकतो. त्यांच्याकडे याला 'एक्सटेंडेड' किंवा 'डिसेलरेटेड' कार्यक्रम म्हणतात, म्हणजे वेग कमी केलेला. विद्यार्थी नापास होण्याआधी हे ठरतं, निदान तसं ठरू शकतं. तिथे चार वर्षांत पदवी घेणारे शंभरात ऐंशीच्या वर आहेत आणि सहा वर्षांपर्यंत मोजलं तर पंच्याण्णवच्या आसपास. मधल्या मंडळींपैकी पुष्कळजण संशोधनासाठी किंवा दुसऱ्या पदवीसाठी थांबलेले असतात, हे विसरायचं नाही. म्हणजे सगळेच 'मागे पडलेले' नव्हेत. पण पाच वर्षं लागणं ही तिथे जगाची अखेर नाही.

तिथे स्वर्ग आहे असंही नाही. विद्यार्थी पुढे रेसिडेन्सीला अर्ज करतो तेव्हा डीनच्या कार्यालयातून एक पत्र जातं. त्यात अभ्यासक्रम लांबला असेल, मध्ये खंड पडला असेल, तर ते नमूद करावं लागतं. म्हणजे डाग तिथेही लागतो, फक्त फिकट. शिवाय तिथला विद्यार्थी आधी एक पदवी घेऊन, बाविशी ओलांडून आलेला असतो. आपला अठराव्या वर्षी, बारावीचा निकाल खिशात घेऊन येतो. खरं तर वेळेची गरज कोणाला जास्त?

वैद्यकीय शिक्षणाची मुदत हा काही निसर्गनियम नाही, हे त्याच देशाच्या इतिहासावरून कळतं. दुसऱ्या महायुद्धात सैन्याला डॉक्टर हवे होते म्हणून तिथल्या शाळांनी सुट्ट्या रद्द करून चार वर्षांचं काम तीन वर्षांत उरकलं. १९७०च्या दशकात डॉक्टरांचा तुटवडा आहे म्हणून सरकारी पैशाच्या आमिषाने पुन्हा तीन वर्षांचे अभ्यासक्रम निघाले आणि बहुतेक बंदही पडले. २०१३ पासून न्यू यॉर्क विद्यापीठात तीन वर्षांची वाट परत सुरू झाली. एका देशात तीन, चार आणि पाच वर्षांचे दरवाजे शेजारी शेजारी.

आपल्याकडेही मुदत कायम कुठे होती? १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. भाऊ दाजी लाड पहिल्या तुकडीत होते आणि ती तुकडी बाहेर पडली १८५१ साली. पुढे चार वर्षांत तयार होणारे लायसेन्शिएट डॉक्टर आले. त्यांनी खेड्यापाड्यांत दवाखाने चालवले. भोर समितीने १९४६च्या अहवालात ती वाट बंद करून देशभर एकच 'बेसिक डॉक्टर' घडवावा अशी शिफारस केली. समितीतल्या काही सदस्यांना ते मान्य नव्हतं. ती चर्चा आजची नाही, पण लक्षात ठेवण्यासारखी आहे. सगळ्यांना एकाच साच्यातून काढायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांना एकच घड्याळही मिळालं.

आनंदीबाई जोशींचं उदाहरण द्यायचा मोह इथे कोणालाही होईल. १८८३ साली अठरा वर्षांची मुलगी फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात दाखल होते. थंडी, परकं अन्न, बिघडत गेलेली प्रकृती, आणि तरी मार्च १८८६ मध्ये पदवी. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात क्षयाने मृत्यू. एखादं वर्ष जास्त मिळालं असतं तर त्या वाचल्या असत्या, असं भाषणात म्हणायला टाळी मिळते. मी म्हणणार नाही. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडलं. अभ्यासक्रम लांबवून क्षय बरा होत नसतो. पण आजारी अंगाने परीक्षा दिल्याबद्दल आपण त्यांची आरती ओवाळतो, आणि आपल्या वर्गातल्या मुलीला टायफॉइड झाला की पहिला प्रश्न विचारतो, हजेरी किती टक्के भरली? लेक्चरला पंचाहत्तर, प्रात्यक्षिकाला ऐंशी. तिने थांबावं, विसावा घ्यावा, असं कोणी म्हणत नाही. हे मला खटकतं.

आता मूळ विचाराकडे येतो. १९६३ साली जॉन कॅरोल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक साधी गोष्ट मांडली. विद्यार्थ्याची 'कुवत' म्हणजे काय? तर एखादी गोष्ट शिकायला त्याला लागणारा वेळ. कमी लागला तर आपण हुशार म्हणतो. पण पुरेसा वेळ आणि बरं शिकवणं मिळालं तर बहुतेकांना ती गोष्ट येते. बेंजामिन ब्लूमने १९६८ मध्ये त्यावर आपली मांडणी उभी केली आणि १९७८ साली जागतिक आरोग्य संघटनेने क्षमताधिष्ठित वैद्यकीय शिक्षणावर एक पुस्तिका काढली. या सगळ्याचं सार आमच्या गावातल्या सुताराला सांगितलं तर तो म्हणेल, यात नवीन काय? पोरगं रंधा मारायला शिकेपर्यंत मी त्याला किकऱ्याला हात लावू देत नाही. कोणाला चार महिने लागतात, कोणाला आठ.

२०१९ पासून आपण एमबीबीएसला 'क्षमताधिष्ठित' अभ्यासक्रम म्हणतो. शेकडो क्षमतांची यादी आहे, लॉगबुकं आहेत, सुरुवातीला फाउंडेशन कोर्स आहे, संवादकौशल्यं आहेत. मी त्याच्या प्रशिक्षणांना बसलो आहे आणि त्यातलं बरंच मला पटलं आहे. पण क्षमताधिष्ठित शिक्षणाचा गाभा हा की क्षमता पक्की आणि वेळ सैल. आपण क्षमतेचं नाव घेतलं आणि वेळ पूर्वीसारखाच पक्का ठेवला. साडेचार वर्षं, चौपन्न महिने. पूर्वी बारा-अठरा-चोवीस, आता बारा-बारा-बारा-अठरा. बेरीज तीच.

गंमत म्हणजे आपल्याच नियमांत वेळ सैल असण्याची उदाहरणं आहेत. इंटर्नने एखाद्या पोस्टिंगमध्ये दिवस चुकवले तर तेवढे दिवस त्याची इंटर्नशिप वाढते, आणि त्याला कोणी नापास म्हणत नाही. पदव्युत्तर निवासी डॉक्टरची रजा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली तर तेवढीच मुदत वाढते. बाळंतपणाची रजा घेतलेल्या निवासी डॉक्टरला आपण 'ऑड' म्हणत नाही. अठरा वर्षांच्या मुलाला मात्र एवढीही सवलत नाही.

माझी सूचना मोठी नाही. पहिल्या टप्प्यापुरती आहे. पहिली अंतर्गत परीक्षा झाली की विद्यार्थी, शिक्षक आणि जमलं तर पालक यांनी बसून ठरवावं. ज्याला गरज आहे त्याने ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री हे तीन विषय दोन वर्षांत वाटून घ्यावेत. गुणपत्रिकेवर खूण नको. वसतिगृहाची खोली जाऊ नये, शिष्यवृत्ती थांबू नये. तो वेळ चार प्रयत्नांत मोजू नये. नऊ वर्षांची मर्यादा तशीच राहू द्या. त्यात हे आरामात बसतं. आणि त्या वर्षात शिकवायचं खरोखर, म्हणजे त्याच्यासाठी वेगळे तास हवेत. हे नसेल तर बाकी सगळं कागदावर राहील.

आक्षेप मला माहीत आहेत. सरकारी जागा महाग, एका जागेवर एक विद्यार्थी जास्त वर्षं बसला तर दुसऱ्याचं नुकसान, असं म्हणतात. पण पहिल्या वर्षाला नापास झालेला विद्यार्थी आजही जास्तच वर्षं बसतो, तेही न शिकता. दुसरा आक्षेप असा, की हुशार मुलं याचा फायदा घेऊन पीजीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत बसतील. हा खरा धोका आहे, म्हणूनच मी सवलत पहिल्या टप्प्यापुरती मागतोय. तिथे पीजीचं भूत अजून अंगात आलेलं नसतं. तिसरा धोका सगळ्यात वाईट. खासगी महाविद्यालयं जास्तीचं वर्ष विकतील. लाखांनी फी घेणाऱ्या संस्थेला पाचवं, सहावं वर्ष म्हणजे पर्वणी. म्हणून एकूण फी मूळ मुदतीचीच राहील अशी अट नियमातच घालावी लागेल, नाहीतर ही सूचना मीच मागे घेईन.

रुग्णांचं काय, असंही कोणी विचारतं. हळू शिकलेल्या डॉक्टरकडे तुम्ही जाल का? मी जातो. माझा रक्तदाब बघणारा डॉक्टर पहिल्या वर्षात तीनदा परीक्षेला बसलेला आहे. तो औषध लिहिण्याआधी मला दोन मिनिटं बोलू देतो.

नियम बदलायला वर्षं लागतील, आणि ते दिल्लीत बदलतात, इथे नाही. तोवर या सभागृहात बसलेल्या शिक्षकांना मी एवढंच सांगेन. या वर्षी प्रवेशाच्या फेऱ्या संपतील, पहिल्या अंतर्गत परीक्षेचे गुण फलकावर लागतील. यादी खालून वाचा. शेवटच्या दहा जणांना तुमच्या खोलीत बोलवा, एकेकट्याला. आणि इंग्रजीत विचारून मूल गप्प राहिलं, तर तोच प्रश्न मराठीत विचारून पाहा.